महाराजपुऱ्याचे तीन हिवाळे

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत प्रवासाची बोली अजून रेल्वेचीच आहे. पुण्याला जायचे तर गोवा की झेलम, मुंबईला पंजाब मेल, दिल्लीला शताब्दी. वरची सीट, खालची सीट, तत्काळ कधी उघडते, हे सगळे तोंडपाठ. घरे मात्र आता पांगली आहेत. मुलगी हिंजवडीत, मुलगा बेंगळुरूत, आई-बाबा जनकगंजात किंवा दौलतगंजात. घरच्या गणपतीला दीड दिवस यायचे तर येण्या-जाण्यातच दोन दिवस जातात. ग्वाल्हेर ते पुणे हवाई अंतर साधारण ९६५ किलोमीटर आहे. जेट विमान ते पावणेदोन तासांत कापते, गाडीला जवळजवळ एक दिवस-रात्र लागते. म्हणून महाराजपुऱ्याच्या विमानतळाचे पुढे काय होणार, हा प्रश्न इथल्या मराठी माणसाच्या अगदी घरातला आहे.

१० मार्च २०२४ रोजी या राजमाता विजयाराजे सिंधिया विमानतळाच्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले. पुण्याच्या नव्या टर्मिनलचेही उद्घाटन त्याच दिवशी, त्याच समारंभात झाले. ग्वाल्हेरच्या कामाचे भूमिपूजन ऑक्टोबर २०२२ मधले, म्हणजे दीड वर्षाच्या आत इमारत उभी राहिली. क्षेत्रफळ सुमारे २०,००० चौरस मीटर, खर्च सुमारे ५०० कोटी रुपये, १३ विमाने उभी राहतील एवढे एप्रन आणि गर्दीच्या तासाला १,४०० प्रवासी हाताळण्याची क्षमता. गावाला अभिमान वाटावा असेच हे काम आहे.

पण हा १,४०० चा आकडा जरा उलगडून पाहायला हवा. स्वस्त सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या एअरबस ए-३२० मध्ये १८० ते १८६ जागा असतात. १८६ पैकी ८५ टक्के भरल्या असे धरू. उतरणारे १५८, चढणारे १५८, म्हणजे एका विमानामागे ३१६ माणसे. आता १,४०० ला ३१६ ने भागा. तासाभरात चारहून जास्त मोठी विमाने उतरून, भरून परत उडाली तरच ही इमारत पुरती भरते. ग्वाल्हेरला अख्ख्या दिवसाची विमाने बोटांवर मोजता येतात. याउलट इंदूरचे २०१२ साली सुरू झालेले टर्मिनल ताशी ७०० प्रवाशांच्या हिशेबाने बांधले होते, आणि इंदूरहून वर्षाला ३५ लाखांच्या वर लोक ये-जा करू लागले. इंदूरला प्रवासी आधी आले आणि इमारत अपुरी पडली. ग्वाल्हेरला इमारत आधी आली आहे. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत इथली वाढ अडली, तर ती जागेवाचून अडणार नाही.

धावपट्टीवाचूनही नाही. १७ सप्टेंबर २०२२ च्या सकाळी नामिबियाहून आठ चित्ते घेऊन आलेले बोइंग ७४७ इथेच उतरले, आणि तिथून हेलिकॉप्टरने चित्ते कुनोला गेले. पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेहून आणखी बारा चित्ते घेऊन हवाई दलाचे सी-१७ याच पट्टीवर आले. पावणेतीन किलोमीटरच्या आसपास लांबीची ही धावपट्टी आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की हवा विरळ होते, इंजिनाचा जोर आणि पंखांची उचल दोन्ही कमी पडतात, आणि आखूड पट्टी असेल तर माणसे किंवा सामान उतरवून ठेवावे लागते. महाराजपुऱ्याला एवढी लांबी आहे की ए-३२० ला बेंगळुरूच्या साडेचौदाशे किलोमीटरसाठी उन्हाळ्यातही फारशी काटछाट करायची गरज पडू नये.

मग गाडे अडते कुठे? घड्याळापाशी.

महाराजपुरा हा मुळात हवाई दलाचा तळ आहे, मिराज-२००० चे घर. टर्मिनल आणि प्रवासी विमाने उभी करण्याचे एप्रन विमानतळ प्राधिकरणाचे; धावपट्टी आणि हवाई वाहतूक नियंत्रण हवाई दलाचे. ही व्यवस्था चुकीची नाही. देशाच्या संरक्षणाचा तळ आहे, त्याचा मान आधी. पण व्यवहारात तिचे परिणाम काय होतात ते नीट समजून घेतले पाहिजे. प्रवासी विमानाला कोणत्या वेळी उतरता येईल आणि उडता येईल, हे तळाच्या सरावाच्या वेळा पाहून ठरते. धावपट्टीची डागडुजी कधी करायची, दिवे कोणत्या दर्जाचे बसवायचे, रात्री तळ किती वाजेपर्यंत नागरी विमानांसाठी उघडा ठेवायचा, हे निर्णय टर्मिनलमधून होत नाहीत. कंपनीने विमान द्यायचे ठरवले, पण तिला हव्या असलेल्या ११ वाजून १० मिनिटांऐवजी २ वाजून ४० मिनिटांची वेळ मिळाली, तर कित्येकदा तो मार्ग कागदावरच राहतो.

पुण्याच्या बाबतीत ही अडचण दुहेरी होते, कारण लोहगावही हवाई दलाचाच तळ. ऑक्टोबर २०२१ मध्ये लोहगावची पट्टी कामासाठी १४ दिवस पूर्ण बंद होती, त्याआधी कितीतरी महिने रात्रीची उड्डाणे बंद होती. म्हणजे ग्वाल्हेर-पुणे विमानाला दोन्ही टोकांना हवाई दलाच्या मोकळ्या वेळा जुळवाव्या लागतात, आणि मधले पावणेदोन तास त्यांत नेमके बसवावे लागतात. एका टोकाला चाळीस मिनिटे उशीर झाला की दुसऱ्या टोकाची वेळ हुकते. १६ जुलै २०२१ रोजी ग्वाल्हेरहून पुणे आणि मुंबईची विमाने मोठ्या थाटात सुरू झाली, तेव्हा शिंदे की छावणीपासून मुरारपर्यंत आनंद होता, आणि तो रास्तच होता. मात्र नवे विमान सुरू होणे ही बातमी असते. तेच विमान त्याच वेळेला तिसऱ्या हिवाळ्यातही उडत असेल, तर त्याला वाढ म्हणायचे.

आता विमानाचा दिवस कसा असतो ते पाहू, कारण कंपनी मार्ग ठरवते ती यावरूनच. ए-३२० जमिनीवर उभे असते तोवर निव्वळ खर्च असतो: भाडेपट्टा, विमा, कर्मचारी. म्हणून स्वस्त सेवा देणाऱ्या कंपन्या ते रोज बारा-तेरा तास हवेत ठेवायचा प्रयत्न करतात. मुंबई-ग्वाल्हेर-मुंबई फेरी धरा. जाताना पावणेदोन तास, ग्वाल्हेरला उतरून परत निघायला ३०-३५ मिनिटे, येताना पावणेदोन तास, मुंबईत पुढच्या फेरीआधी आणखी पाऊण तास. सगळे मिळून पावणेपाच तासांच्या आसपास, म्हणजे विमानाच्या दिवसाचा मोठा लचका. मुंबईतल्या नियोजकाच्या समोर याच पावणेपाच तासांसाठी उदयपूर असते, राजकोट असते, रायपूर असते. जिथे तिकिटे दोन्ही बाजूंनी भरतात आणि विमान वेळेवर परत येते, तिकडे तो ते विमान वळवतो. ग्वाल्हेरवर त्याचा राग नसतो आणि ग्वाल्हेरबद्दल त्याला मायाही नसते.

‘दोन्ही बाजूंनी’ हे महत्त्वाचे. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात पुणे-बेंगळुरूकडून येणारी विमाने ओसंडून वाहतात आणि जाणारी अर्धी रिकामी असतात. भाऊबीजेनंतर हेच चित्र उलटे होते. अशा मार्गाचे वर्षाचे सरासरी भरणे फसवे असते. सण सोडून उरलेल्या तीनशे दिवसांत विमान कोण भरते, यावर मार्ग टिकतो. ग्वाल्हेरकडे अशी माणसे आहेत. मालनपूरला कॅडबरी, गोदरेज, एसआरएफ यांचे कारखाने आहेत, आणि मालनपूर विमानतळाच्याच बाजूला, भिंड रस्त्यावर आहे. बानमोरला टायरचा मोठा कारखाना आहे. टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाची अकादमी, शहरात संरक्षण संशोधनाची प्रयोगशाळा, शारीरिक शिक्षणाचे राष्ट्रीय विद्यापीठ, माहिती तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था. शिवाय डॉक्टर, वकील, खंडपीठात येणारे पक्षकार. ही सगळी मंगळवारी जाऊन बुधवारी परतणारी माणसे. त्यांना सुट्टीचे विमान नको, रोजचे हवे.

इथेच एक गैरसमज मुळातून काढला पाहिजे. विमानतळाची प्रगती किती शहरे जोडली यावर मोजायची आपल्याला सवय लागली आहे. अमुक शहर जोडले, तमुक शहर जोडले, की पेढे. समजा आठवड्याला चौदा फेऱ्या मिळणार आहेत. त्या सात शहरांना दोन-दोन वाटल्या तर नकाशा छान दिसतो, पण सोमवारी मुंबईला गेलेल्या माणसाला परतायला शुक्रवार उजाडतो. तो माणूस पुढच्या वेळी विचारच करत नाही, सरळ गाडी पकडतो किंवा दिल्ली गाठतो. त्याच चौदा फेऱ्या मुंबईला रोज एक आणि बेंगळुरूला रोज एक अशा दिल्या, तर लोक त्या धरून कामे आखू लागतात, कंपन्या प्रवासाचे वार्षिक करार करतात, आणि दुसऱ्या वर्षी तिसरे विमान मागायला आधार मिळतो. रोजचे एक ए-३२० म्हणजे येऊन-जाऊन वर्षाला १,३५,७८० जागा. ८५ टक्के भरल्या तर १ लाख १५ हजार प्रवासी. अशी पाच विमाने टिकली तर पावणेसहा लाख. माझ्या मते महाराजपुऱ्याचे पुढच्या काही वर्षांचे ध्येय एवढेच असावे: पाच विमाने, रोज, ठरल्या वेळी, तीन हिवाळे.

हिवाळा मुद्दाम म्हणतो, कारण इथे विमानाची खरी कसोटी डिसेंबर-जानेवारीतच लागते.

जानेवारीतल्या एका सकाळी काय होते ते क्रमाने पाहा. पहाटे चार-पाचच्या सुमारास धुके दाटते. आयएलएस म्हणजे विमानाला रेडिओ लहरींनी धावपट्टीपर्यंत वाट दाखवणारी यंत्रणा; तिच्या साध्या दर्जावर उतरायला धावपट्टीवर किमान ५५० मीटरपर्यंतचे दिसावे लागते. दाट धुक्यात ते २०० मीटरच्या खाली जाते. ८ वाजताचे विमान मुंबईहून निघायचे असते. ग्वाल्हेरची दृश्यमानता पाहून ते तिथेच थांबवतात. निघालेच असेल तर इथे येऊन घिरट्या घालते. दृश्यमानता मर्यादेच्या खाली असेल तर वैमानिकाला हजार फुटांच्या खाली उतरत जाण्याची परवानगीच नसते, मग त्याचा हात कितीही बसलेला असो. अर्धा-पाऊण तास इंधन जाळून ते भोपाळला किंवा इंदूरला वळते, कारण दिल्ली-लखनऊलाही त्या वेळी धुकेच असते. साडेदहाला ग्वाल्हेरला ऊन पडते. पण तोवर वैमानिकांचे ड्युटीचे तास संपत आलेले असतात, पुढच्या दोन शहरांचे प्रवासी खोळंबलेले असतात, आणि इथे उतरायची ठरलेली वेळ गेलेली असते. विमान रद्द होते. टर्मिनलमध्ये स्वेटर-मफलर घालून बसलेल्या दीडशे माणसांना वाटते की बाहेर एवढे लख्ख ऊन असताना हे लोक खोटे बोलताहेत. ते खोटे नसते. अशा पाच-सहा सकाळी गेल्या की कंपनी पुढच्या हिवाळी वेळापत्रकातून ग्वाल्हेरचे नाव काढते.

याला उपाय दोन. एक म्हणजे दिवे आणि उपकरणे. धावपट्टीच्या मध्यरेषेचे दिवे, दृश्यमानता मोजणारी यंत्रे, वरच्या दर्जाची आयएलएस, वीज गेली तर काही क्षणांत सुरू होणारा पर्यायी पुरवठा, आणि हे सगळे वापरायला शिकलेले वैमानिक. वरच्या दुसऱ्या श्रेणीत ३०० मीटरवर उतरता येते, तिसऱ्या श्रेणीत ५० मीटरवरही. पण हा खर्च दिल्लीसारख्या ठिकाणी परवडतो, आणि तळ हवाई दलाचा असल्याने निर्णयही लांबतो. दुसरा उपाय फुकट आहे: वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलणे. देशातले विमानांचे वेळापत्रक तसेही वर्षातून दोनदा ठरते, उन्हाळी मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर आणि हिवाळी त्यानंतर मार्चपर्यंत. हिवाळ्यात ग्वाल्हेरची मोठी विमाने सकाळी अकराच्या आत ठेवूच नयेत. उन्हाळ्यात मात्र पहाटे सहा-साडेसहा उत्तम. अडचण अशी, की हिवाळ्यात धुके विरते त्याच वेळी हवाई दलाचा सराव सुरू होतो. म्हणजे अकरा ते चार हा जो काळ प्रवासी विमानांना हवा, तोच तळालाही हवा. यावर तोडगा निघू शकतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांसाठी दुपारचे दोन-अडीच तास आणि संध्याकाळी सात ते दहा, असे दोन ठरावीक तुकडे नागरी विमानांना कायमचे मिळाले, तर बाकी सगळे त्यावर रचता येईल. ही मागणी मोघम करून उपयोग नाही, तास-मिनिटांत केली पाहिजे.

विमान रात्री ग्वाल्हेरला मुक्कामी ठेवायचाही प्रश्न आहे. मुक्कामी विमान असले की सकाळी पहिले उड्डाण इथून होते, मुंबईला साडेआठला पोहोचता येते आणि रात्री परत घरी. व्यापारी माणसाला हवे ते हेच. त्यासाठी रात्री उशिरापर्यंत तळ उघडा हवा, वैमानिक आणि केबिन कर्मचाऱ्यांसाठी वीस-पंचवीस मिनिटांत पोहोचता येईल असे हॉटेल हवे, पहाटे साडेचारला सुरक्षा तपासणीचे कर्मचारी हवेत, आणि एक तरी परवानाधारक अभियंता. उन्हाळी वेळापत्रकाच्या सात महिन्यांसाठी हे शक्य आहे आणि तिथून सुरुवात करायला हरकत नाही.

इंधनाच्या बाबतीत मध्य प्रदेशाने चांगले पाऊल उचलले आहे. विमान इंधनावरचा विक्रीकर भोपाळ-इंदूरला एके काळी २५ टक्के होता, तो ४ टक्क्यांवर आणला. महाराष्ट्रात मुंबई-पुण्याला तो १८ टक्के आहे. भारतीय कंपन्यांच्या खर्चात इंधनाचा वाटा ४० टक्क्यांच्या आसपास जातो, म्हणून हा फरक त्यांना दिसतो. २०२५ च्या राज्याच्या नागरी विमान धोरणात नव्या मार्गांना आर्थिक मदतीची तरतूदही आहे.

मदतीबद्दल मात्र सावध राहायला हवे. ‘उडान’ योजनेत ठरावीक जागा स्वस्त दराने विकायच्या, आणि त्यातली तूट तीन वर्षे सरकारने भरून द्यायची, अशी व्यवस्था होती. तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपये हा आकडा सगळ्यांच्या लक्षात आहे. ग्वाल्हेर पहिल्या फेरीतच या योजनेत आले. २०२३ मध्ये महालेखापरीक्षकांनी या योजनेची तपासणी मांडली. पहिल्या तीन फेऱ्यांतल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले त्यांतले ११२ तीन वर्षे पूर्ण चालले. आणि मदत थांबल्यावरही मार्च २०२३ पर्यंत चालू राहिले ते ५४. हे आकडे वाचून योजना वाईट होती असे म्हणणे सोपे आहे. मला त्यातून वेगळे दिसते. मदतीने पहिल्या वर्षाचा तोटा भरून निघतो, पण धुके, उतरायची वेळ, परतीचे विमान आणि विमानतळापर्यंतची बस यांतले काहीही मदतीने सुटत नाही. तिकीट स्वस्त होते आणि विमान भरवशाचे नव्हते. लोकांनी भरवसा निवडला.

दिल्लीच्या विमानाबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. हवाई अंतर २७७ किलोमीटर. उड्डाण पस्तीस-चाळीस मिनिटांचे, पण दिल्लीला रांगेत थांबणे धरून तास-सव्वातास लागतोच. घरून विमानतळ अर्धा तास, दीड तास आधी पोहोचणे, उतरून सामान घेऊन बाहेर यायला पाऊण तास, शहरात शिरायला एक तास. बेरीज पाच तासांकडे जाते. वेगवान गाडी सव्वातीन-साडेतीन तासांत दिल्लीच्या ऐन मध्यात सोडते. ज्याला दिल्लीतच काम आहे तो विमानाने जाणार नाही, आणि त्याने जावे असा आग्रहही नको. हे विमान उपयोगाचे आहे ते दिल्लीहून पुढे परदेशी किंवा गुवाहाटी-श्रीनगरला जाणाऱ्यांसाठी, एकाच तिकिटावर, सामान थेट पुढे जाणार असेल तर. त्याला एटीआर जातीचे सत्तर-पंचाहत्तर जागांचे छोटे विमान पुरेसे. ए-३२० या मार्गावर घालणे म्हणजे सगळे इंधन चढण्यात आणि उतरण्यात घालवणे. इंदूरच्या पावणेपाचशे किलोमीटरलाही एटीआरच योग्य. ग्वाल्हेर-इंदूर हवाई जोडणी २६ जुलै १९४८ ची, दिल्ली-मुंबई मार्गावरची. इतकी जुनी वाट आहे ही, आणि सरकारी कामे, परीक्षा, सोयरिकी यांमुळे ती आजही जिवंत आहे.

खरी चिंता वेगळीच आहे, आणि ती उत्तरेकडून येते. नोएडाचा जेवर विमानतळ यमुना एक्स्प्रेसवेला लागून आहे. ३,९०० मीटरची धावपट्टी, पहिल्या टप्प्यातच वर्षाला १ कोटी २० लाख प्रवाशांची क्षमता, आणि उत्तर प्रदेशात इंधनावरचा कर १ टक्का. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने आग्रा-ग्वाल्हेर हा ८८ किलोमीटरचा सहापदरी नवा रस्ता मंजूर केला, ४,६१३ कोटींचा. तो झाला की ग्वाल्हेर-आग्रा प्रवासाचा वेळ निम्म्यावर येईल, आणि मुरैना-धौलपूरचा माणूस दोन-अडीच तासांत जेवरला पोहोचेल. तिथे त्याला पुण्याची दिवसाला अनेक विमाने दिसतील, भाडीही कमी. असाच अनुभव वडोदऱ्याला आहे. २०१६ मध्ये तिथे सुंदर टर्मिनल झाले, पण एक्स्प्रेसवेने अहमदाबाद शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. परदेशी जाणारा बडोदेकर आजही गाडी काढून अहमदाबादला जातो. रस्ता चांगला झाला की लहान विमानतळाचे गिऱ्हाईक त्याच रस्त्याने निघून जाते.

तेव्हा ग्वाल्हेरने तोंड दक्षिणेकडे वळवायला हवे. झाशी शंभर किलोमीटरवर आहे आणि तिथून जेवर फार लांब पडते. दतिया, शिवपुरी, भिंड, डबरा, हा सगळा पट्टा ग्वाल्हेरचाच. दतियाला ३१ मे २०२५ पासून विमानतळ सुरू झाला आहे, पण तिथून उडणारी विमाने छोटी, ती मुंबई-बेंगळुरूला नेणार नाहीत. झाशीचा प्रवासी आज ग्वाल्हेर स्टेशनला उतरतो आणि पुढच्या दहा-बारा किलोमीटरांसाठी टेम्पो, ई-रिक्षा आणि टॅक्सीवाल्यांशी घासाघीस करतो. हातात दोन बॅगा, सोबत म्हातारी आई. एवढ्यासाठी माणूस बेत बदलतो. झाशीहून दतिया-डबरामार्गे विमानाच्या वेळेला धरून निघणारी एक बस, आणि शिवपुरीहून दुसरी. विमान उशिरा आले तर बसही थांबेल, ही एक अट. विमानाच्या तिकिटासोबतच बसचे तिकीट मिळावे. खर्चाच्या मानाने याहून फलदायी काम महाराजपुऱ्यासाठी दुसरे दिसत नाही.

नवी मुंबई विमानतळामुळे एक दार उघडले आहे. ८ ऑक्टोबर २०२५ ला त्याचे उद्घाटन झाले, पहिल्या टप्प्यात वर्षाला २ कोटी प्रवाशांची क्षमता. सांताक्रूझला सोयीची वेळ मिळवणे लहान गावांना जवळजवळ अशक्य झाले होते. नव्या ठिकाणी वेळा मोकळ्या आहेत तोवरच त्या धरल्या पाहिजेत. दोन-तीन वर्षांत त्याही संपतील. शिवाय नवी मुंबईहून पुण्याला द्रुतगती मार्गाने अडीच तासांत जाता येते, त्यामुळे लोहगावच्या वेळा जुळेपर्यंत पुण्याचा प्रवासीही या विमानाने जाऊ शकतो. पिंपरी-चिंचवड आणि हिंजवडीवाल्यांना तर ते लोहगावपेक्षा फार अडचणीचे पडणार नाही.

पर्यटनावर मी फार भिस्त ठेवणार नाही. किल्ला आहे, डिसेंबरातला तानसेन समारोह आहे, २०२३ मध्ये युनेस्कोने संगीताचे शहर म्हणून ग्वाल्हेरला मान दिला, कुनो आहे, ऑक्टोबर २०२४ पासून शंकरपूरच्या मैदानावर आंतरराष्ट्रीय क्रिकेटही आले. हे सगळे विमानाच्या वरच्या दहा-वीस जागा भरेल. मुरैन्याची गजक हिवाळ्यात विमानाच्या पोटातून पुण्या-मुंबईला जाऊ शकते, औषधे आणि सुटे भागही. चांगली भर आहे, पण पाया नव्हे.

प्रत्येक विमानतळासाठी सल्लागार समिती असते, स्थानिक खासदार तिचे अध्यक्ष. महाराष्ट्र समाजाच्या, व्यापारी संघाच्या, उद्योगांच्या प्रतिनिधींनी तिथे जाताना शहरांची यादी नेऊ नये. नवी मुंबई रोज, हिवाळ्यात दुपारी बाराच्या पुढे. बेंगळुरू रोज, संध्याकाळी. पुणे आठवड्यातून चार दिवस तरी, आणि त्यात शुक्रवार-रविवार हवेतच. झाशी आणि शिवपुरीच्या बसची वेळ त्याच पत्रात. सोबत मालनपूर-बानमोरच्या प्रत्येक कारखान्याकडून दरमहा किती माणसे कुठे जातात याचा लेखी आकडा जोडावा, कारण कंपनीचा नियोजक बाकी काही वाचो न वाचो, तो तक्ता नक्की वाचतो. हिवाळी वेळापत्रकाच्या वेळा कित्येक महिने आधीच ठरतात. हे पत्र पाऊस सुरू व्हायच्या आत गेले पाहिजे.